आळीची पेटी

२२ नोव्हेंबर, शनिवार

ही वही सहा वर्षांपूर्वीची. पतसंस्थेनं तेव्हा दोन दिल्या होत्या, त्यातली एक कोरी राहिली. छापील तारीख-वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितो. जुबेदा म्हणते, "पेन्शन येतेय ना, नवी घ्या की." पण चौतीस वर्षं धायरीत टपाल वाटून ज्यानं फुकटच्याच डायऱ्या भरल्या, त्यानं आता कशाला उधळपट्टी करायची?

आज प्रारूप मतदार यादी लागली. आमच्या तांबोळी आळीची एकशे सत्त्याऐंशी मतं तीन ठिकाणी फेकलेली. काही हायवेपलीकडच्या मतदानाच्या खोलीत, काही समोरच्या सोसायटीबरोबर, बारा तर शेजारच्या प्रभागात. अम्माची नोंद अशी: उम्मेहानी तांबोळी, पुरुष, वय अठ्ठावीस. घरी येऊन सांगितलं तर अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई अंथरुणात हसली. "मग आता माजं लगीन बघ," म्हणाली.

मला हसू आलं नाही. आमचं कब्रस्तान ओढ्याच्या काठाला, संभाजीच्या रानाच्या टोकाला. जायला एकच वाट, त्याच्या बांधावरून, आठ फूट रुंद. संभाजीचे वडील हिंमतराव आणि माझे अब्बा एका तालमीतले. हिंमतरावांनी वाट दिली, अब्बांनी आळीच्या मतांचा शब्द दिला. कागद झाला नाही, कुणाला गरज वाटली नाही. तेव्हापासून ग्रामपंचायत असो, झेडपी असो की आता महापालिका, आळीची सगळी मतं त्या घराला. आता संभाजीचा मुलगा विश्वजीत उभा राहतोय. आळी अशी विखुरली तर आमची मतं किती नि कुठं पडली हे सांगणार कोण?

अम्माची खाट खिडकीपाशी आहे. खिडकीतून वाट दिसते. तिचं एकच मागणं आहे आणि ते ती रोज एकदा मागते: अब्बांच्या शेजारची जागा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हरकतींचे फॉर्म घेऊन पाच दिवस दारोदार फिरतोय. आधारच्या झेरॉक्स, सह्या, अंगठे. पोस्टमनला घर सांगावं लागत नाही, एवढाच फायदा.

निवडणुकीच्या टेबलावरचा कारकून सज्जन निघाला. माझा गठ्ठा उलटसुलट करून म्हणाला, "तांबोळी, एकदा विचार करा. आत्तापर्यंत तुमची मतं सोसायटीच्या मतांत मिसळून मोजली जायची. सगळी आळी एका खोलीत आणली तर त्या मशीनमध्ये दुसरं कोणी उरत नाही. आकडा कुणालाही वाचता येईल."

मी म्हणालो, "वाचू दे की. लपवण्यासारखं काय आहे?"

"बरं," तो म्हणाला आणि शिक्का मारला. पुण्यात 'बरं' म्हणतात तेव्हा माणसानं सावध व्हायला हवं, पण मी खुशीत होतो.

रात्री जेवताना जुबेदाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, मत झाकून द्यायचं असतं. म्हणून तर तो पुठ्ठा लावतात." बायकांना राजकारणातलं गमक कळत नाही. वीस वर्षं आम्ही मतं देतोय आणि श्रेय सोसायटीवाले घेतायत.

३ डिसेंबर, बुधवार

एकशे सत्त्याऐंशी हरकती दाखल. एकही बाकी नाही.

पोच घेऊन विश्वजीतच्या ऑफिसात गेलो. त्यानं उठून खुर्ची दिली. "चाचा, सॉलिड काम केलं तुम्ही. एकच बूथ म्हणजे क्लिअर पिक्चर. कोण आपलं, कोण नाही, सगळं कळणार." मी म्हणालो, "आपलं नाही असं आळीत कोण आहे?" तो हसला.

संभाजी बाहेर बाकावर बसला होता. स्वतःच्याच मुलाच्या ऑफिसबाहेर, नंबर लावल्यासारखा. म्हटलं, चहाला चल. नको म्हणाला. त्याचा गुडघा दुखतो.

१७ डिसेंबर, बुधवार

अम्मानं सकाळी हाका मारून उठवलं. "आरं अकबऱ्या, माणसं आलीत बघ. वाट धरून मोजत्यात. लाल रंग लावत्यात दगडाला."

खरंच मोजणीवाले होते. विश्वजीतला फोन केला. "अरे चाचा, रोडचं मेजरमेंट आहे ते. डोन्ट वरी. तुमची वाट कुठं पळून चाललीय?" अम्माला तसं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. म्हणाली, "मोजून झाल्यावर इकत्यात." म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसतं. जुबेदाही सुरात सूर मिसळून उभी. दोघी सासवा-सुना चाळीस वर्षांत कधी एका बाजूला नव्हत्या, त्या आज झाल्या.

शेजारच्या बिलालच्या टेम्पोला भाडं मिळालं. पत्र्याच्या दोन खेपा, संभाजीच्या गोठ्यात उतरवल्या. निवडणुकीचा मांडव असेल. आळीतल्या पोराला काम मिळतंय हे बरं.

२८ डिसेंबर, रविवार

अंतिम यादी! खोली क्रमांक चार, मराठी शाळा, पहिलं नाव ते शेवटचं नाव तांबोळी आळी. एकशे सत्त्याऐंशी. अम्मा पुन्हा बाई झाली आणि तिचं वयही परत मिळालं.

पेढे वाटले. लोकांनी घेतले, पण तोंडावर जसा आनंद दिसायला हवा तसा दिसला नाही. बिलालची आई पेढा हातात धरून म्हणाली, "भाईजान, आता मशीन उघडलं की आपणच का?" मी म्हणालो, "आपणच." तिनं पेढा पदरात बांधला.

४ जानेवारी, रविवार

आळीच्या चौकात सभा झाली. विश्वजीतला छत्री ही निशाणी मिळालीय. समोर शेफाली आहे, सोसायटीत राहणारी, टँकरवरून महापालिकेशी भांडणारी. तिची शिट्टी. एका प्रभागात चार नगरसेवक, म्हणून चार बटणं दाबायची असतात, पण आळीला मतलब या एकाच जागेशी.

मी भाषणाचा माणूस नाही. तरी मला उभं केलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं: "एकशे सत्त्याऐंशीतलं एकही मत फुटणार नाही. फुटलं तर अकबर तांबोळीला विचारा." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं पडल्या नाहीत. थंडी होती, हात पदरात असतील.

परतताना संभाजीनं मला बाजूला घेतलं. "आकडा कशाला सांगितलास?"

"खरा आहे म्हणून."

"तू लई साधा हायेस अकबर," तो म्हणाला. लहानपणापासून तो हे म्हणत आलाय, पण आज त्यानं माझ्याकडं बघून म्हटलं नाही.

१० जानेवारी, शनिवार

जुबेदा तीन दिवस दुपारी सोसायटीत जातेय. शेफालीकडे हळदीकुंकवाच्या बायकांचे ब्लाऊज शिवायला आहेत म्हणे. बरोबर आमची सून मेहनाज आणि आळीतल्या आठ-दहा जणी. दहा जणींनी शिवावेत इतके ब्लाऊज कुणाकडे असतात? विचारलं तर म्हणाली, "काज-बटणं करायला लागतात." आज ती आली तेव्हा कपाटात साड्यांच्या खाली काहीतरी ठेवलं. मजुरी असेल. मी बायकोच्या पैशाकडे कधी बघत नाही.

तिला बजावलं, शिलाई करा पण मत आपलं ठरलेलं आहे. ती म्हणाली, "तुमचा शब्द मला माहीत आहे."

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

विजयमालावहिनी, म्हणजे संभाजीची बायको, तिळगूळ घेऊन आल्या. दरवर्षी येतात. अम्माचा हात हातात घेऊन बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. "चाची, माफ करा," म्हणाल्या. अम्मानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तिळगूळ दिला की ग्वाड बोलावं माय, रडू न्हाई. तुजं काय चुकलं?"

अम्मा आता फार दिवस नाही, हे वहिनींनाही दिसतंय. मायेची माणसं.

१५ जानेवारी, गुरुवार. मतदान

खोली चारमध्ये एकशे एकाहत्तर मतं झाली. उरलेले सोळा बाहेरगावी किंवा आजारी. संध्याकाळी मशीनच्या सीलवर विश्वजीतच्या वतीनं सही मीच केली. मी सात वाजल्यापासून शाळेच्या फाटकाबाहेर. प्रत्येकाला हात दाखवत होतो. प्रत्येकानं हात दाखवला.

अम्माला चाकाच्या खुर्चीतून नेलं. तिला मशीन दिसत नाही म्हणून सोबती म्हणून मी आत गेलो, फॉर्म भरून. पुठ्ठ्याआड वाकलो. ती म्हणाली, "शिट्टी."

म्हटलं, "हळू बोल अम्मा. छत्री ना?"

"शिट्टी. बाकी तीन तुला हवी ती दाब. त्या पोराला देऊ नगं. त्यानं वाट इकलीया."

पोरं दिवसभर शिट्ट्या वाजवत आळीतून फिरतात, तेच तिच्या डोक्यात बसलं असणार. वयामुळे होतं. तिचं मन मला माहीत आहे. अब्बांचा शब्द ती शुद्धीत असती तर मोडली नसती. मी छत्री दाबली. मशीन वाजलं.

"दाबलीस?"

"दाबली," मी म्हणालो. काय दाबली ते म्हणालो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही.

घरी आल्यावर ती दिवसभर बोटावरची शाई खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. इतकी समाधानी मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज मतमोजणी झाली.

मी विश्वजीतचा मतमोजणी प्रतिनिधी होतो. जाळीच्या अलीकडे खुर्ची, हातात पेन्सिल, कोरा तक्ता. खोली चारचं मशीन साडेअकराला टेबलावर आलं. मी शेजारच्या माणसाला म्हणालो, "आता बघा."

अधिकाऱ्यानं वाचलं. छत्री, चौदा. शिट्टी, एकशे बावन्न. इतर आणि नोटा मिळून पाच.

मी म्हणालो, "साहेब, खोली चुकली." त्यानं मशीनवरची चिठ्ठी दाखवली. खोली क्रमांक चार. सील माझ्याच सहीचं.

चौदा. चौदा म्हणजे माझं घर आणि अजून दोन घरं. ज्यांनी हात दाखवले त्यांनी काय दाखवलं मला?

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. तक्त्यावर चौदाच्या आधी एक काढला. एकशे चौदा. तो कागद घेऊन बाहेर विश्वजीतकडे गेलो. त्यानं आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चाचा, एकशे चौदा आणि एकशे बावन्न. मतदान एकशे एकाहत्तर. बेरीज तरी करायची."

त्याच्या मोबाईलवर खरे आकडे माझ्या आधी पोचले होते. दहा-बारा पोरं उभी होती, सगळी हसली. चौतीस वर्षांत मी एक मनीऑर्डर चुकवली नाही.

विश्वजीत अठ्ठ्याऐंशी मतांनी पडला. आळीनं शब्द पाळला असता तर निवडून आला असता. हे गणित मला करता येतं. सगळ्या गावाला करता येतं.

जुम्म्याची नमाज चुकली. रिक्षानं न येता चालत आलो, म्हणजे उशीर होईल आणि कोणी भेटणार नाही. सगळे भेटले.

१७ जानेवारी, शनिवार

दारोदार गेलो, पहिल्या घरापासून शेवटपर्यंत. सगळ्यांचं एकच उत्तर: "आम्ही छत्रीलाच दिलं, भाईजान." एकशे एकाहत्तर माणसं, सगळ्यांनी छत्रीला दिलं आणि मशीनमध्ये चौदा निघाली. बिलालच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

जुबेदाला विचारलं, तूही? ती तांदूळ निवडत होती. "विचारू नका," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आळीनं नवऱ्याचं नाक कापलं म्हणून तिला वाईट वाटणारच.

२० जानेवारी, मंगळवार

वाट बंद झाली. सकाळी आठला आठ-दहा माणसं आली आणि दुपारपर्यंत बांधाच्या तोंडापासून लोखंडी पत्रे ठोकून, फाटक बसवून, कुलूप लावून गेली. अम्मा खिडकीतून सगळं बघत होती. एकेक पत्रा.

मी पडदा लावला. ती म्हणाली, "काढ. मला दिसलं आता."

एकशे बावन्न लोकांनी माझ्या आईची कबर विकली. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. आळीत ओरडून आलो, नको ते बोललो. कोणी उलट बोललं नाही. बिलाल तेवढा हळूच म्हणाला, "चाचा, हे पत्रे मीच आणलेत. डिसेंबरात. आपण मतं द्यायच्या आधी." आता सगळ्यांना असलं शहाणपण सुचतंय.

२२ जानेवारी, गुरुवार

विश्वजीतला सात फोन. उचलत नाही. ऑफिसात गेलो तर पोरगा म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. खुर्ची दिली नाही. मी त्याच बाकावर बसलो जिथं संभाजी बसायचा. दोन तास.

ओढ्याच्या बाजूनं वाट काढता येईल का म्हणून बघायला उतरलो. कमरेएवढं काळं पाणी, खाली गाळ, सगळ्या सोसायट्यांचं सांडपाणी. त्यातून खांद्यावर मय्यत न्यायची? परतलो. चप्पल गाळात राहिली.

अम्मा दोन दिवस जेवली नाही.

२५ जानेवारी, रविवार

संभाजीच्या घरी गेलो. दारात त्याचे पाय धरले. हो, धरले. लहानपणी ज्याला मी तालमीत पाडायचो त्याचे.

त्यानं मला उठवलं आणि स्वतः खाली बसला. "माज्या हातात काय न्हाई अकबर. समदं पोराच्या नावावर केलं दिवाळीत. बक्षीसपत्र."

"त्याला सांग, आळी माफी मागेल. मी प्रत्येकाला घेऊन येतो. पुढच्या वेळी..."

"कशाची माफी?"

"मतं दिली असती तर वाट राहिली असती."

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

"तरीबी ऱ्हायली नसती," संभाजी म्हणाला. "रान इकायचा इसार दिवाळीतच घेतला त्यानं. तुजी आळी एक गठ्ठा पडली असती, पोरगा निवडून आला असता, आन् पत्रे याच तारखेला लागले असते. मला म्हाईत व्हतं. तुज्या सभेत बसलो तवाबी म्हाईत व्हतं."

मी विचारलं, का नाही सांगितलंस. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. संक्रांतीला त्या कशासाठी रडल्या ते मला अकरा दिवसांनी कळलं.

घरी येऊन जुबेदाला म्हणालो, "तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

"मोजणीवाल्यांना चहा मीच दिला होता. त्यांच्याकडे नकाशा होता, त्यात वाट नव्हती."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं. अम्मांनी सांगितलं, मी सांगितलं. तुम्ही विश्वजीतला फोन केला." मग ती कपाटाकडे वळली. "आणि पटवून दिलं असतं तर तुम्ही शब्द मोडला असता?"

खोटं कशाला लिहू. नसता मोडला.

"म्हणून बायकांनी आपसात ठरवलं आणि आपापल्या घरच्या पुरुषांनाही पटवलं. झाकून दिलं की कळत नाही, असं वाटलं होतं. तेवढ्यात तुम्ही आम्हाला सगळ्यांना एका पेटीत आणून बसवलंत."

तिनं कपाटातून साड्यांखालचा कागद काढला. शेफालीच्या सहीचा. निवडून येवो न येवो, वहिवाटीच्या वाटेसाठी वकील देऊन दावा लावीन, असा. आळीचा पहिला कागद. माझ्या बायकोनं काज-बटणं करून मिळवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार. शबे-बारात

आजच्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरीवर जातात. आळीतले सगळे संध्याकाळी पत्र्यांशी गेले, फुलं घेऊन. तिथंच उभं राहून दुआ मागितली. फुलं पत्र्याच्या वरून पलीकडे टाकली. किती पोचली माहीत नाही.

अम्मानं खिडकीतून पाहिलं. मला म्हणाली, "काळजी नगं करू. शिट्टी निवडून आलीया. उघडंल ती."

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

८ फेब्रुवारी, रविवार

अम्मा गेली. सकाळी सव्वासहा.

शेफाली आली होती, तहसीलदारांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना फोन करत होती. रविवार. खासगी जमीन. दावा लावा, निकाल आल्याशिवाय काही करता येत नाही. ती बिचारी माझ्या ओट्यावर बसून रडली.

संभाजी आला. फाटकापर्यंत गेला, कुलूप हातात धरून हलवलं. किल्ली मुलाकडे, मुलगा महाबळेश्वरला. संभाजीनं पत्र्यावर कपाळ टेकलं. "माज्याच रानात," एवढंच म्हणाला. बिलाल पहार घेऊन आला होता. मी त्याला परत पाठवलं. कुलूप तोडून अम्माला आत नेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी आळीतल्या पोरांना पोलिसांनी नेलं असतं.

जोहरच्या, दुपारच्या नमाजानंतर कात्रजच्या बाजूच्या कब्रस्तानात नेलं. नऊ किलोमीटर. संभाजीनं खांदा दिला आणि गाडीतही बसला. तिच्या एका बाजूला भिंत आहे, दुसऱ्या बाजूला कोण आहे मला माहीत नाही. नाव वाचता आलं नाही.

घुसल देणाऱ्या, तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनी सांगितलं, बोटावरची शाई गेली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जुबेदा बरोबर आली. शेफालीनं दिलेले वकील शरच्चंद्र सदाशिव पेठेत बसतात. दारावर पाटी: 'पायऱ्यांवर बसू नये. रडायचे असल्यास आत यावे.'

मी सगळं सांगितलं. ते चष्म्यावरून बघत राहिले. "तोंडी वचन. छान. देणारं तोंड हयात आहे?"

"नाही."

"घेणारं?"

"नाही."

"मग आता वाटेनं स्वतःच येऊन साक्ष द्यायची का? अहो, वहिवाट सिद्ध करायला वापर दाखवावा लागतो. कोण, कधी, कुठून गेलं. काही लेखी?"

जुबेदा म्हणाली, "यांच्या वह्या आहेत. आळीत कोणी गेलं की हे लिहून ठेवतात. तारीख, खांदा कोणी दिला, मय्यत कुठून नेली. चौतीस वर्षांच्या."

वकील पहिल्यांदा सरळ बसले. "त्या सगळ्या घेऊन या. यंदाचीही. वाट बंद झाल्याची तारीख तिच्यातच असणार."

मी विचारलं, यंदाच्या वहीतलं एखादं पान घरगुती असेल तर?

"पान फाडायचं नाही. फाटक्या वहीवर कुणीही विश्वास ठेवत नाही. समोरच्या वकिलाला तर तीच हवी असते." मग जरा मऊ आवाजात: "तुमच्या आईंसाठी आता उपयोग नाही. पण आळीत अजून म्हातारी माणसं असतील ना?"

आहेत. बिलालची आई आहे. आम्ही दोघंही काही तरुण नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वह्या खाली काढून पुसल्या. तेहतीस निघाल्या, एक वाळवीनं खाल्ली. प्रत्येकीत ती वाट आहे. अब्बांचीही आहे: 'पावसाची उघडीप, बांधावरून नेले, पुढचा खांदा संभाजी.'

ही वही तेवढी बाजूला ठेवली होती. दोन दिवस पंधरा जानेवारीचं पान उघडून बसलो. ब्लेडही घेतलं. छापील तारखा माझ्या तारखांशी मुळातच जुळत नाहीत, हे एक पान नसलं तर कुणाच्या लक्षात येईल असं वाटत नव्हतं. माझ्या लक्षात आलं असतं.

शेवटी ते पान उघडून वही जुबेदाच्या हातात दिली. आता ते वकील वाचणार, तहसीलदार वाचणार, तिनं आधी वाचायला हवं. तिनं उभ्यानं वाचलं. खाली बसून पुन्हा वाचलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. अम्मा शाईचं बोट उजेडात धरून बसायची ती खिडकी माझ्या समोरच होती.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मतमोजणीच्या दिवशी आम्हा सगळ्याजणींना आश्चर्य वाटलं होतं," ती म्हणाली. "बायकांनी घरोघर जाऊन पुन्हा मोजलं होतं. एक मत कमी भरत होतं. बिलालची आई अजून मेहनाजवर संशय धरून आहे."

तिनं पेन माझ्या हातात दिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"लिहा. दुरुस्ती म्हणून लिहा आणि खाली सही करा."

दुरुस्ती. १५ जानेवारी, खोली क्रमांक चार, मराठी शाळा. उम्मेहानी तांबोळी यांनी मत शिट्टीला सांगितले होते. सोबत्याने छत्री दाबली. सोबती मुलगा होता. तरी आळीची मोजणी अशी वाचावी: छत्री तेरा. शिट्टी एकशे त्रेपन्न.

अकबर तांबोळी